चेसिस खाली नव्हे, चाक वर!

अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचे फोटो पाहिलेत तर त्यात एक गाडी हमखास सापडते. 1950 च्या दशकातला गुबगुबीत बॉनेटचा पिकअप ट्रक, आरशासारखा रंग, आणि गाडी जमिनीला इतकी चिकटलेली की वाटावं, आता पोट घासणार. आपल्याकडचा कुठलाही ट्रक ड्रायव्हर ती बघून म्हणेल, "पाटे बसलेत वाटतं!" पण तिथे पाटे बसलेले नसतात, ते चक्क काढूनच टाकलेले असतात. त्यांच्या जागी चेसिसला एक नवीन क्रॉसमेंबर वेल्ड केलेला असतो, आणि सगळी करामत त्यात असते.

दिसायला ही नुसती हौस. पण आपण दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाला जे जे घोकतो (लिंकेज, स्प्रिंग रेट, मोमेंट, वेल्डिंग) ते सगळं या एका कामात एकत्र भेटतं, आणि चुकलं तर मार्क जात नाहीत, माणूस जातो. म्हणून हा लेखप्रपंच.

मूळ गाडी कशी होती?

उदाहरणाला फोर्डचा एफ-100 घेऊ. हे नाव 1953 साली आलं आणि 1956 पर्यंतचे हे ट्रक आज तिकडे सर्वांत जास्त सजवले जाणाऱ्यांपैकी आहेत. शेतावरचं सामान, गवताचे भारे, सिमेंटची पोती वाहायला ही गाडी बनवलेली. चेसिस म्हणजे शिडीसारखी : दोन लांब रेल, मध्ये आडव्या पट्ट्या. रेलचा काटछेद इंग्रजी सी अक्षरासारखा, म्हणजे एका बाजूने उघडा. पुढे एकच घडीव लोखंडी आय-बीम ॲक्सल, त्यावर दोन बाजूंना पाटे. आपल्या टाटाच्या ट्रकला पुढे हीच रचना असते, त्यामुळे ती समजायला लांब जायला नको, कॉलेजच्या गेटबाहेर उभं राहिलं तरी पुरे.

ही रचना दणकट, स्वस्त आणि कुठेही दुरुस्त होणारी. मग दोष काय? दोन्ही चाकं एकाच दांड्यावर. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजवंही कलतं. त्यात पाट्याला दोन कामं : वजन पेलायचं आणि ॲक्सलला जागेवर धरूनही ठेवायचं. पाटा दबताना ॲक्सल एका वर्तुळात फिरतो, स्टिअरिंगचा दांडा दुसऱ्या वर्तुळात. दोघांचं जमलं नाही की ड्रायव्हरने काहीच न करता गाडी बाजूला ओढते. किंगपिन झिजलेले असले तर विचारूच नका. ताशी 40 मैलांवर हे चालून जातं, हायवेच्या 70 ला सतत स्टिअरिंगशी कुस्ती. शेवरलेने आपल्या पिकअपला 1960 साली आणि फोर्डने 1965 साली दोन्ही चाकं स्वतंत्रपणे हलतील अशी पुढची रचना दिली, ती उगीच नाही.

सोपे उपाय आणि त्यांची किंमत

आता तुम्ही म्हणाल, गाडी खालीच करायची ना? मग पाट्याची दोन पानं काढा, झालं काम! होतं खरं. पण इथेच मुख्य मुद्दा आहे. रेल आणि ॲक्सल यांच्यात समजा 4 इंच मोकळी जागा आहे. खड्ड्यात चाक वर उचललं जातं ते याच जागेत. पानं काढून गाडी 3 इंच खाली आणली की उरला 1 इंच. पुढच्याच खड्ड्याला ॲक्सल रेलवर आपटणार. म्हणजे गाडी खाली गेली, पण सस्पेन्शनच संपलं.

दुसरा उपाय जास्त वाकवलेल्या ॲक्सलचा. बीम मध्ये खोलगट आणि टोकं उंच, म्हणजे पाटे तसेच ठेवून गाडी खाली येते. हा जुना आणि प्रामाणिक उपाय. पण दोन चाकं एकाच दांड्यावर, हे दुखणं तसंच राहतं.

तिसरा उपाय म्हणजे आपला क्रॉसमेंबर. यात आडवा दांडा जातोच. चेसिसच्या दोन रेलमध्ये एक मजबूत पेटी वेल्ड होते, तिच्या दोन्ही बाजूंना वर-खाली दोन कंट्रोल आर्म (यांनाच विशबोन म्हणतात), त्यांच्या टोकाला बॉल जॉइंट, आणि त्यात चाकाचं स्पिंडल. चाकाचा मध्य चेसिसच्या तुलनेत वर बसवलेला असतो, त्यामुळे गाडी 4 ते 6 इंच खाली येऊनही चाकाला वर-खाली हलायची जागा शिल्लक राहते. थोडक्यात, चेसिस खाली ढकलायची नाही, चाक वर घ्यायचं. लेखाचं शीर्षक एवढ्यासाठीच.

अजून एक नियम तिथले जाणकार पाळतात. टायर पंक्चर होऊन रिम रस्त्याला टेकली तरी गाडीचा कुठलाही भाग रस्त्याला लागता कामा नये. कॅलिफोर्नियात तर 1958 साली रिमच्या तळापेक्षा खाली गाडीचा भाग नेण्याला कायद्यानेच बंदी आली. तिथल्या मेक्सिकन-अमेरिकन तरुणांच्या लो-रायडर गाड्यांना तिचा फटका बसला. ही बंदी 2024 च्या सुरुवातीला उठली. कायदा गेला तरी त्यामागचं साधं शहाणपण कायम आहे.

मस्टँग टू कुठून आली?

या क्रॉसमेंबरला तिकडे सरसकट 'मस्टँग टू' म्हणतात. फोर्डने 1974 ते 1978 या मॉडेल वर्षांत मस्टँग टू नावाची छोटी मोटार विकली. मोटार म्हणून शौकिनांनी तिला फारसं डोक्यावर घेतलं नाही, पण तिचं पुढचं सस्पेन्शन एकदम आटोपशीर : दोन विशबोन, खालच्या आर्मवर कॉइल स्प्रिंग, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, डिस्क ब्रेक. मोडीच्या अड्ड्यावरून हे भाग आणून जुन्या ट्रकांना बसवायला सुरुवात झाली आणि पुढे त्याच मापांवर तयार क्रॉसमेंबर बाजारात आले. म्हणजे सासरी कौतुक झालं नाही, पण शेजारणींनी पाककृती उचलली! आता बहुतेक भाग नव्यानेच बनतात, नाव मात्र तेच राहिलं.

थोडं गणित

घाबरू नका, कॅल्क्युलेटर पुरे. आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत.

समजा गाडी 1500 किलोची, पुढच्या प्रत्येक चाकावर 450 किलो, त्यातलं 50 किलो चाक-ब्रेक वगैरेचं. म्हणजे एका स्प्रिंगच्या वाट्याला 400 किलोची बॉडी. स्प्रिंग आर्मच्या टोकाला नसून आतल्या बाजूला, समजा 0.6 अंतरावर. तरफेच्या नियमाने स्प्रिंगवर 400 भागिले 0.6, म्हणजे जवळजवळ 670 किलो भार. स्प्रिंग 70 न्यूटन प्रति मिलिमीटरची घेतली तर चाकाला जाणवणारा कडकपणा 70 गुणिले 0.6 चा वर्ग, म्हणजे 25 च्या आसपास. या 400 किलो आणि 25 न्यूटन प्रति मिलिमीटरवरून नैसर्गिक वारंवारता काढा : सेकंदाला सुमारे 1.26 झोके. माणसाला आरामात चालताना बसणाऱ्या झोक्यांपेक्षा जरा हळू, म्हणून पोटाला बरं वाटतं. 0.6 चा वर्ग विसरून स्प्रिंग निवडली की गाडी नको तेवढी मऊ होणार, हे ओघानेच आलं.

आता ब्रेक मारू. 0.8 जी ने गाडी थांबते, गुरुत्वमध्य 0.6 मीटर उंच, आणि एफ-100 चा व्हीलबेस 110 इंच, म्हणजे 2.8 मीटर. मागून पुढे सरकणारं वजन 1500 × 0.8 × 0.6 ÷ 2.8, म्हणजे जवळपास 257 किलो. प्रत्येक पुढच्या चाकावर आता 580 किलोच्या आसपास, आणि रस्ता त्याला 464 किलोच्या बलाने मागे ओढतोय. खालचा बॉल जॉइंट जमिनीपासून 200 मिलिमीटर, वरचा 450 मिलिमीटर धरा. मोमेंट घेतलेत तर खालच्या आर्मवर मागच्या दिशेने 835 किलो, आणि वरच्यावर पुढच्या दिशेने 371 किलो. वजाबाकी करा, 464 बरोबर येतात.

हे 835 किलो 300 मिलिमीटर लांब आर्मच्या टोकाशी. आतला आधार फक्त 60 मिलिमीटर रुंद असेल तर त्याच्या दोन कडांवर चार टनांहून जास्त बलाची जोडी येते. आधार 250 मिलिमीटर रुंद केला तर तीच जोडी एक टनावर येते. मूळ मस्टँग टू मध्ये खालचा आर्म अरुंद होता, म्हणून त्याला चेसिसपर्यंत एक तिरकी सळई जोडलेली होती. काही नव्या क्रॉसमेंबरमध्ये सळई नसते, तिथे आर्म पायाशी रुंद असावाच लागतो. सळई काढली आणि आर्म तोच ठेवला, असं कुणी करत असेल तर त्या गाडीत बसू नका.

कापाकापी

मिशिगनला मामांकडे सुट्टीत गेलो होतो, तेव्हा त्यांच्या शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये हे काम जवळून पाहायला मिळालं. ट्रक 1956 चा, त्यांच्या वडिलांनी शेतावर चालवलेला. कापायचा की जसाच्या तसा ठेवायचा, यावर त्यांच्या घरात बराच काळ वाद होता. मुलगी म्हणत होती, आजोबांची गाडी आहे, हात लावू नका. त्यांचं म्हणणं, नातवंडांना शेजारी बसवून हायवेला न्यायची तर हे जुने ड्रम ब्रेक आणि हे स्टिअरिंग नकोच. मामा मला हळूच म्हणाले, "अरे, एकदा कटर लावला की परत नाही हं. नीट बघून घे." शेवटी कापायचं ठरलं, आणि जुना ॲक्सल पाट्यांसकट तेल लावून शेडमध्ये ठेवला.

मला वाटलं होतं, वेल्डिंग हेच मोठं काम. प्रत्यक्षात पहिला अख्खा दिवस नुसतं मोजमाप! चेसिस स्टँडवर घेतली आणि तयार गाडी जशी उभी राहणार त्याच कलात ठेवली. कारण क्रॉसमेंबर रस्त्याच्या पातळीला बसवायचा असतो. रेल कलती असेल आणि तुम्ही रेलशी समांतर बसवलात तर कॅस्टर कोनाचा विचका. जुना ॲक्सल काढण्याआधी त्याचा मध्य रेलवर खुणा करून घेतला. इथे माझ्या वाट्याला ओळंबा धरायचं काम आलं. गवंडी वापरतात तोच ओळंबा आणि पाणसळ! मग कर्ण मोजले. दोन्ही कर्ण सारखे नसतील तर चेसिस काटकोनात नाही, आणि वाकड्या चेसिसवर सरळ सस्पेन्शन बसत नाही.

त्यानंतर रिव्हेट काढणं, आणि सी आकाराच्या रेलला आतून पट्टी लावून पेटी करणं. उघडा काटछेद पिळाला फार कमजोर असतो, हे स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सला शिकलोच. नव्या क्रॉसमेंबरचा सगळा भार या एकाच जागी येणार, म्हणून ही पेटी सोडून चालत नाही. मग क्रॉसमेंबर बसवून फक्त टाके मारायचे, पुन्हा मोजायचं, चाक लावून फेंडरच्या मध्ये येतंय का पाहायचं, इंजिनच्या ऑइल पॅनला जागा आहे का पाहायचं. मगच पूर्ण वेल्डिंग, तेही थोडं इकडे थोडं तिकडे, म्हणजे उष्णतेने रेल ओढली जात नाही. हे वेल्डिंग त्यांनी स्वतः केलं नाही, प्रमाणपत्रधारक वेल्डरला बोलावलं.

बंप स्टिअर : न दिसणारा शत्रू

सगळं बसलं, गाडी छान खाली उभी, फोटो काढले. तरीही एक परीक्षा राहते. चाक वर-खाली होताना टाय रॉडचं टोकही एका कंसात फिरतं. हा कंस विशबोनच्या कंसाशी जुळला नाही तर खड्ड्यात चाक आपोआप वळतं. यालाच बंप स्टिअर म्हणतात. सर्वसाधारण नियम असा की, टाय रॉडचा आतला सांधा दोन्ही आर्मच्या आतल्या बिजागऱ्यांना जोडणाऱ्या रेषेवर असावा, आणि दोन आर्म व टाय रॉड वाढवले तर एकाच बिंदूत मिळावेत. ट्रकची चेसिस रुंद आहे म्हणून क्रॉसमेंबर रुंद केला आणि रॅक मात्र छोट्या गाडीचा तसाच ठेवला, की हा नियम मोडतो.

तपासायची रीत सोपी आहे. स्प्रिंग काढा, गाडी ठरलेल्या उंचीवर टेकवा, जॅकने चाक अर्ध्या अर्ध्या इंचाने वर-खाली करा आणि दर वेळी टो मोजा. आकडा जवळपास हलत नसेल तर पास. तासाभराचं काम, पण नेमकं हेच टाळलं जातं, कारण ते फोटोत दिसत नाही.

आणि आपण?

लेख वाचून कुणी घरच्या जुन्या जीपला ग्राइंडर लावू नये. आपल्याकडे मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आहे. उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. पण शिकायला वाट मोकळी आहे. 2007 पासून होणाऱ्या बाहा एसएई इंडिया स्पर्धेच्या गाडीला दोन विशबोन लावून हेच सगळं करता येतं. टाय रॉडचा सांधा कुठे घ्यायचा, आर्मचा पाया किती रुंद ठेवायचा, हे प्रश्न शब्दशः तेच आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी अशी जमिनीला टेकलेली गाडी दिसली तर रंग आणि रिम बघून झाल्यावर जरा खाली वाका. खालचा आर्म जमिनीला समांतर आहे का, टाय रॉड त्याच्या जोडीने चालतोय का, रेलची पेटी केली आहे का, ते पाहा. ही तीन उत्तरं मिळाली की पुढचा प्रश्न, म्हणजे त्या गाडीत बसायचं की नाही, तुमचा तुम्हालाच सोडवता येईल.