दारातल्या छोट्या चपला

संध्याकाळचे पाच वाजले की आमच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडतो. एक उताणी, एक पालथी, एखादी घाईत उडून जिन्याच्या दोन पायऱ्या खाली गेलेली. या चपलांवरून आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत एकदा वीस मिनिटं चर्चा झाली, असं सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही. पण लहान मुलांची घरगुती शिकवणी सुरू करायची म्हटलं की पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा येतच नाही, तो चपलांचा येतो. मग शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेचा, मग लिफ्टचा. पुस्तक उघडायची वेळ त्यानंतर.

मी डोंबिवलीत शिकवणी सुरू केली ती 2009 च्या जूनमध्ये. त्याआधी सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडली होती. त्या गेल्या, आणि घरातली औषधांची वेळापत्रकंही गेली. हात मोकळे झाले होते आणि संध्याकाळ तर अंगावर यायची. अशातच खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "तुम्ही घरीच असता ना, मग आमच्या धाकट्याचा जरा अभ्यास घ्या की." या 'घरीच असता'मध्ये जे काही असतं ते बायकांना वेगळं सांगायला नको. पण मी हो म्हटलं. माझं शिक्षण बी.कॉम. शिकवण्याचं असं काही शिक्षण नव्हतं. पहिली-दुसरीच्या मुलाला शिकवायला काय लागतं, असं तेव्हा मलाही वाटत होतं.

फी किती, हे विचारल्यावर मी "द्या तुम्हाला काय द्यायचं ते" असं म्हणाले. ही माझी पहिली चूक. एकीने दोनशे रुपये दिले, एकीने शंभर आणि नारळाच्या वड्या. वड्या छान होत्या, पण दुसऱ्या महिन्यात शंभरच आले आणि वड्याही आल्या नाहीत. मराठी मध्यमवर्गीय घरात पैशाचं बोलायला जीभ कशी जड होते पाहा! शेवटी तिसऱ्या महिन्यात एका कागदावर सगळं स्वच्छ लिहून काढलं : फी इतकी, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, गणपती-दिवाळीच्या सुट्टीचे पैसे कापायचे नाहीत, मे महिन्यात शिकवणी नाही आणि फीही नाही, मुलाला न्यायला कोण येणार ते आधी सांगून ठेवायचं. शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. आमचं दारही शिकवणीच्या वेळी उघडं असतं. जाळीचं दार ओढून घेतलेलं, पण आतलं सताड उघडं. कोणत्याही आईने न कळवता यावं आणि दारातून पाहावं. पाहत उभ्या राहणाऱ्या आयांचा सुरुवातीला राग यायचा, आता येत नाही.

दुसरी चूक संख्येची. तोंडोतोंडी बातमी पसरली आणि दिवाळीपर्यंत एका वेळी नऊ मुलं बसू लागली. सतरंजीवर नऊ मुलं म्हणजे शिकवणी नव्हे, पाळणाघर. एकाला शी, दुसऱ्याला तहान, तिसऱ्याचं खोडरबर चौथ्याने पळवलेलं. मी नुसती वहीतून वहीत फिरत होते. पुढच्या वर्षी एका वेळी पाच, त्यातही वयाचं अंतर दोन वर्षांहून जास्त नाही, असं ठरवलं. उत्पन्न कमी झालं. त्याची भरपाई कशानेही होत नाही, हेही सांगून टाकते.

हे काम माझ्यासारख्या गृहिणी, निवृत्त बाई किंवा कॉलेजातल्या मुली करतात, त्याला एक कारण कायद्याचंही आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 28 व्या कलमाने शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला बंदी केली आणि 2010 च्या एप्रिलपासून तो कायदा लागू झाला. केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असंही त्यात म्हटलं. पण त्या पन्नासाहून जास्त विद्यार्थ्यांच्या केंद्रांसाठी आहेत. आमच्या पाच मुलांच्या सतरंजीकडे कोणी बघत नाही. प्रमाणपत्र विचारत नाही, तपासणीला येत नाही. आणि मुलं तर वाढतच आहेत. 'असर'च्या 2022 च्या अहवालात खेड्यांमधल्या पहिली ते आठवीच्या मुलांपैकी पैसे देऊन शिकवणीला जाणाऱ्यांचं प्रमाण 30.5 टक्के होतं, चार वर्षांपूर्वी ते 26.4 होतं. खेड्यांत ही गोष्ट, तर शहराचं विचारायलाच नको.

म्हणजे शिकवणाऱ्याला काय येतं, हे विचारणारं कोणी नसतं. मला काय येत नव्हतं, ते एका दुसरीतल्या मुलीने दाखवलं. मराठी शाळेतली, शांत, नीटनेटकी. मी 'बत्तीस' म्हटलं की ती 23 लिहायची. 'पंचेचाळीस' म्हटलं की 54. मी दरडवायची, "नीट ऐक!" खरं तर ती माझ्यापेक्षा नीट ऐकत होती. बत्तीसमध्ये आधी दोन ऐकू येतात, मागून तीस. पंचेचाळीसमध्ये आधी पाच. जसं ऐकलं त्याच क्रमाने ती लिहीत होती. लिहिताना मात्र आपण दशक आधी मांडतो आणि बोलताना एकक. आणि 'एकोणतीस'ची तर कमालच. शब्दात तीस ऐकू येतात, शेवटी नऊ आहेत असं बाईंनी सांगितलेलं असतं, म्हणून ती 39 लिहायची! 'एकोण' म्हणजे एकाने कमी, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास असं करत हा क्रम एकोणनव्वदपर्यंत जातो आणि नव्याण्णवला अचानक दगा देतो.

मग मी आइस्क्रीमच्या काड्या जमवल्या. दहा-दहांच्या जुड्या करून रबर लावले. तीन जुड्या आणि दोन सुट्या काड्या. आधी जुड्या मोज, मग सुट्या, मग लिही. पंधरा दिवसांत तिची अदलाबदल थांबली. पुढे 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बत्तीस'बरोबर 'तीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला आठवतंय? विनोद झाले, विधिमंडळात टोले हाणले गेले. त्या समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर, 'गणितगप्पा'च्या लेखिका. त्या 2023 मध्ये गेल्या. जुनी पद्धत बंद केलेली नाही, मुलांना सोपं जावं म्हणून दुसरी दिली आहे, असं त्या शांतपणे सांगत होत्या. मराठी संख्यानामं जावीत असं मलाही वाटत नाही. वाण्याकडे 'एकोणसाठ रुपये' ऐकून इंग्रजी शाळेतली आमची मुलं गोंधळून उभी राहतात, तेव्हा वाईटच वाटतं. पण त्या गदारोळात हसणाऱ्यांपैकी कितीजणांनी 23 लिहिणाऱ्या मुलीच्या शेजारी बसून पाहिलं होतं, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर काम केलं ते पानं, बिया, शंख-शिंपले घेऊन. हे वाचलं मी पुष्कळ नंतर. साहित्याची दुकानं धुंडाळायच्या आधी वाचलं असतं तर हजारभर रुपये वाचले असते. नव्याने सुरू करणाऱ्यांना मी काड्या, चिंचोके, पाटी आणि जुन्या कॅलेंडरची पानं एवढंच सांगते. हो, पाटीच. वहीत चुकलं की खाडाखोड दिसते, पाटीवरचं पुसता येतं. चुकायला घाबरणाऱ्या मुलाला याचा केवढा आधार असतो!

आता ज्या मुलाबद्दल लिहायचं म्हणून मी हा लेख लिहायला घेतला, त्याच्याकडे येते. तिसऱ्या वर्षीची गोष्ट. तिसरीतला मुलगा, इंग्रजी माध्यमाचा. आई सातच्या लोकलने मुंबईला जायची, ती संध्याकाळी साडेसातला परत. तिची अपेक्षा साधी होती : गृहपाठ पुरा व्हावा आणि टेस्टमध्ये मार्क पडावेत. मी दोन्ही करत होते. मुलगा गुणी, अक्षर मोत्यासारखं. प्रश्नोत्तरं पाठ. डिक्टेशनमध्ये दहापैकी दहा, कारण ते दहा शब्द शाळेने आधीच दिलेले असत आणि मी ते घोटून घेत असे. आई खूष, मी खूष.

ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस आला आणि त्याचं दप्तर भिजलं. वह्या पंख्याखाली वाळत घातल्या आणि वेळ जायला म्हणून त्याला घरातलं एक जुनं इंग्रजी गोष्टीचं पुस्तक दिलं. पानावर चित्र, खाली चार शब्द. त्याने भराभर गोष्ट सांगितली. छानच सांगितली, पण ती पुस्तकातली नव्हती. मी चित्रावर हात ठेवला. तो गप्प झाला. एका शब्दावर बोट ठेवून म्हटलं, "हे वाच." तो म्हणाला, "सी, ए, टी."

"बरोबर. मग काय झालं?"

"सी, ए, टी."

'एलिफंट'चं स्पेलिंग न चुकता म्हणणाऱ्या मुलाला 'कॅट' वाचता येत नव्हतं. आपल्या 'क'चं नाव आणि उच्चार एकच. 'क'ला काना दिला की 'का', मूल आपोआप वाचू लागतं. इंग्रजी अक्षराचं नाव 'सी' आणि आवाज 'क'. हा आवाज त्याला कोणी दिलाच नव्हता. नुसती नावं घोकून घेतली होती, आणि गेले चार महिने त्या घोकण्याचे पैसे मी घेत होते.

त्या रात्री मला झोप आली नाही, असं लिहायला हवं, पण झोप आली. शनिवारी मात्र त्याच्या आईला थांबवून सांगितलं. मी काही निदान करत नाही, असंही म्हटलं. अध्ययन अक्षमता असली तर ती तज्ज्ञांनीच ठरवायची. मुंबईत सायन रुग्णालयात त्यासाठी विभाग आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तिचा समावेश झाला आहे, पण ती पुढची गोष्ट. आमच्या या संभाषणात असला कायदा नव्हता आणि मला वाटत होतं की त्याला नुसतं वाचायला शिकवलेलं नाही. मला तीन महिने द्या, म्हटलं. रोज अर्धा तास फक्त आवाज आणि वाचन. गृहपाठ काही दिवस अपुरा राहील.

"टीचर, पण मार्क तर चांगले पडतायत," ती म्हणाली.

मी दप्तर भिजल्याची हकीकत पुन्हा सांगितली.

"आणि अपुरा राहिला म्हणून शाळेने बोलावलं तर? मला अर्ध्या दिवसाची रजा पडते." मग जरा थांबून, अजिबात आवाज न चढवता तिने विचारलं, "चार महिने तो तुमच्याकडेच येत होता ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या महिन्याची फी घेणार नाही, असं म्हणाले, तर तिला ते अपमानासारखं वाटलं असावं. दिवाळीनंतर मुलगा आला नाही. स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये घातलाय, तिथे गृहपाठ करून घेतात, असं कळलं.

तेव्हापासून माझ्याकडे नव्या मुलाने पहिला आठवडा दप्तर आणायचं नाही. आया बिचकतात. दोघी-तिघींनी तर तिथूनच काढता पाय घेतला. त्या आठवड्यात मी मुलाला बिस्किटाच्या पुड्यावरचं वाचायला देते, सोसायटीच्या पाटीवरची नावं वाचून घेते, कधीही न पाहिलेला परिच्छेद पुढे ठेवते. वीस रुपये देऊन तेरा रुपयांचा हिशेब विचारते. फळ्यावरचं दूरून दिसतं का, हेही पाहते. एकाला शिकवणी नकोच होती, चष्मा हवा होता. आठवड्याच्या शेवटी आईला किंवा बाबांना बसवून काय येतं आणि काय येत नाही ते सांगते. पहिल्याच शनिवारी, चौथ्या महिन्यात नव्हे. आणि गृहपाठाला वीस मिनिटं, त्यात होईल तेवढा. राहिलेल्याची चिठ्ठी मी लिहून देते. शाळेतल्या बाई रागावतात कधी कधी. एकदा एका बाईंनी चिठ्ठीखालीच 'धन्यवाद' लिहून पाठवलं होतं, तो कागद ठेवलाय.

त्या मुलाची धाकटी बहीण माझ्याकडे आली ती आणखी दोन वर्षांनी. आईचा फक्त फोन आला होता, वेळ विचारायला. पहिल्या दिवशी भाऊच तिला सोडायला आला. चांगला उंच झाला होता. जाळीच्या दाराबाहेरूनच म्हणाला, "आईने सांगितलंय, दप्तर घरीच ठेवलंय हिचं."

आत ये म्हटलं तर आला नाही. तू आता काय वाचतोस, असं विचारायचं ओठांवर आलं होतं, पण धीर झाला नाही. त्याने खाली वाकून बहिणीच्या चपलांचे बंद सोडले, त्या भिंतीकडेला ओळीत लावल्या आणि तो जिना उतरून गेला.