मेघवनातील चिमुकले ‘डाला’

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या पूर्व उतारावर, साधारण १५०० ते ३००० मीटर उंचीवर, मेघवने आहेत. ॲमेझॉन खोऱ्यातून येणारे बाष्पयुक्त वारे उतार चढताना थंड होतात आणि येथील झाडे धुक्याने वेढली जातात. ‘डाला’ या प्रजातीतील लहानखुऱ्या स्किपर फुलपाखरांचे हे माहेरघर. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ पॉल माबी यांनी १९०४ मध्ये या प्रजातीला हे नाव दिले.

स्किपर फुलपाखरांचे शरीर जाडसर, उड्डाण चपळ आणि मिशांची टोके आकड्यासारखी वाकलेली असतात. डालाच्या तपकिरी पंखांवर बहुधा पिवळे वा नारिंगी ठिपके दिसतात. ऊन पडताच नर ओढ्याकाठी उतरून ओल्या मातीतील क्षार शोषतात. अळ्या गवतकुळातील वनस्पतींवर वाढतात. काही जातींना ‘चुस्केआ’ हा डोंगरी बांबू लागतो.

दर १००० मीटर उंचीमागे तापमान सुमारे ६ अंशांनी घटते. त्यामुळे अनेक जाती उंचीच्या अरुंद पट्ट्यातच आढळतात. हवामान तापले की हा पट्टा वर सरकतो. फुलपाखरू उडून वर जाईल. पण कित्येक वर्षांनी एकदाच फुलणारा बांबू त्या वेगाने वर कसा जाणार? त्यातच खालून शेती आणि वरून चराऊ कुरणे जंगलाला वेढतात.

म्हणूनच पायथ्यापासून माथ्यापर्यंत सलग वन राखणे महत्त्वाचे ठरते. पेरूमध्ये १९७३ साली स्थापन झालेले मानू राष्ट्रीय उद्यान असा अखंड उतार आजही जपून आहे.