शार्कचें भय आणि पाण्याची ओढ

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही घरचीं माणसें सांगलीहून फोंडा घाटानें मालवणास निघालों होतों. घाट उतरतां उतरतां माझ्या बारा वर्षांच्या नातवानें एकदम विचारलें, "आजोबा, तिथल्या समुद्रांत शार्क असतात का?" मागच्या बांकावर बसलेल्या सूनबाईंनींही कान टवकारले. मी मोठ्या पेंचांत पडलों. होय म्हणावें तर पोरगें पाण्याजवळही जाणार नाहीं, आणि नाहीं म्हणावें तर तें असत्य. त्या वेळीं मी कांहीं तरी बोलून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनांत राहिला. त्याचेंच उत्तर आज मी आपल्यापुढें मांडणार आहें.

शार्क हा शब्द परका असला तरी प्राणी आपल्याला परका नाहीं. कोंकणांत त्याला मुशी म्हणतात, मालवणाकडे मोरी म्हणतात. हातोड्यासारख्या डोक्याच्या जातीला कानमुशी असें नांव आहे. कोंकणच्या जाळ्यांत नित्य सांपडणारी मुशी हातभर ते दीड-दोन हात लांबीची असते आणि लहानसहान मासे व कोळंबी खाऊन राहते. उलट, साऱ्या माशांत आकारानें सर्वांत मोठा असा जो व्हेल शार्क, तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येतो खरा. पण चाळीस फुटांपर्यंत वाढणारा हा प्राणी पाणी गाळून त्यांतले सूक्ष्म जीव व बारीक मासळी खातो. २००१ सालीं कायद्यानें त्याला वाघाच्या बरोबरीचें संरक्षण मिळालें. तेव्हां मुशी लहान म्हणून निरुपद्रवी आणि व्हेल शार्क मोठा असूनही निरुपद्रवी.

मग ही भीति आली कोठून? अमेरिकेंतील न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर १९१६ च्या जुलैंत अवघ्या बारा दिवसांत शार्कच्या हल्ल्यांनीं चार माणसें मेलीं. त्या हाहाकाराची आठवण पुढें बरींच वर्षें टिकली. १९७४ सालीं पीटर बेंचली या लेखकानें हवा खाण्याच्या एका गांवीं माणसें खाणाऱ्या शार्कवर कादंबरी लिहिली, आणि १९७५ सालीं तिच्यावरून निघालेल्या 'जॉज' या चित्रपटानें तें भय ज्यांनीं समुद्र कधीं पाहिला नाहीं त्यांच्याही घरांत आणून सोडलें. बेंचलीला पुढें याचें वाईट वाटलें आणि उत्तरायुष्यांत तो शार्कच्या रक्षणासाठीं झटला. पण चित्रपट जितक्या लोकांनीं पाहिला तितक्यांनीं त्याचा पश्चात्ताप ऐकला नाहीं, हें उघड आहे. माणसानें न डिवचतां शार्कनें चावा घेतल्याचे प्रकार साऱ्या जगांत वर्षाकाठीं सरासरीनें ६० ते ७० होतात आणि मृत्यु बहुधा ५ ते १०. याच्या उलट खुल्या समुद्रांतील शार्क व त्यांच्या कुळांतील पाकट यांची संख्या १९७० पासूनच्या अर्ध्या शतकांत सुमारें ७१ टक्क्यांनीं घटली, असें २०२१ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. कोण कोणाला भ्यावयास हवें, तें आपणच ठरवा.

तरी मी शार्कची वकिली अधिक करीत नाहीं. फेब्रुवारी २०२४ मध्यें पालघर जिल्ह्यांत मनोरजवळ वैतरणेच्या खाडींत मासेमारी करणाऱ्या एका तरुणाचा पाय शार्कनें जबर तोडला. बुल शार्क नांवाची एक जात खारें पाणी सोडून खाड्यांत व नद्यांत शिरते, आणि गढूळ पाण्यांत तिला माणूस व भक्ष्य यांतला भेद नीटसा कळत नाहीं. अशी घटना आपल्याकडे घडूं शकते. पण ती इतकी विरळा कीं घडली म्हणजे साऱ्या देशांत तिची बातमी होते.

श्रोतेहो, आपण कृष्णाकांठचीं माणसें. भिलवडी-औदुंबरापासून हरिपूरच्या संगमापर्यंत आपल्या नदींत मगरी आहेत. त्यांनीं माणसांवर हल्ले केले आहेत आणि त्यांत जीवही गेले आहेत. म्हणून आपण नदी सोडली आहे काय? हिंवाळ्यांत सकाळच्या उन्हाला मगर कोणत्या मळईवर येऊन पडते, उन्हाळ्याच्या तोंडीं ती कोणत्या कांठाला अंडीं घालते आणि त्या दिवसांत तिकडे फिरकूं नये, हें नदीवरच्या मोटारीकडे रोज जाणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक असतें. त्याचें भय डोळस आहे. आणि त्याच कृष्णेवर, ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत, ब्रह्मनाळ येथें नाव उलटून दहाहून अधिक माणसें बुडालीं. तीं मगरीनें नेलीं नाहींत, पाण्यानें नेलीं.

समुद्राचेंही तेंच आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूड-जंजिऱ्याजवळ पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजीं मालवणजवळ वायरी येथें बेळगांवहून आलेल्यांपैकीं ८ जण गेले. पुणें काय, बेळगांव काय, दोन्हीं गांवें घाटावरचीं. विहिरींत सूर मारणारा आणि नदी आरपार पोहणारा आमचा मुलगा समुद्रांत निर्धास्त उतरतो. त्याला शार्कची शंका येते, पण पाण्याची येत नाहीं.

ही पाण्याची ओढ कशी उत्पन्न होते तें पाहूं. लाटा एकामागून एक किनाऱ्याकडे पाणी लोटीत असतात. लोटलेलें पाणी परत जावयास वाट शोधतें. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखालीं वाळूचा बांध असतो, आणि त्याला मधून मधून खिंडी असतात. उसाच्या शेतांत बांध एके ठिकाणीं फुटला म्हणजे सगळें पाणी त्या भगदाडाकडे कसें धांवतें, हें आपणांस सांगावयास नको. तसेंच येथें होतें. खिंडींतून पाण्याचा एक अरुंद पट्टा समुद्राकडे वाहूं लागतो. त्याची गति कधीं कधीं सेकंदास दोन मीटरपर्यंत जाते, आणि तिच्यापुढें नामांकित पोहणाराचेंही कांहीं चालत नाहीं.

आतां यांतली खरी फसगत ऐका. खिंडीवर पाणी खोल असल्यामुळें तेथें लाट फुटत नाहीं. दोन्ही बाजूंस पांढरा फेंस उसळत असतो आणि मध्यें एक गडद, शांत पट्टा दिसतो. नवखा मनुष्य पोरांना घेऊन नेमका तेथेंच उतरतो, कारण तेथें लाटा नाहींत! आम्हीही तेंच करीत होतों. जाळें आवरीत बसलेल्या एका वृद्ध कोळ्यानें हांक मारली, "आजोबानूं, थंय नको! थंय पाणी ओढता." त्यानें बोट दाखविल्यावर तो पट्टा मला दिसला, तोंवर मी त्याकडे पाहत होतों, पण मला तो दिसत नव्हता.

ही ओढ माणसाला खालीं खेंचीत नाहीं, बाहेर नेते. आणि जेथें लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे बहुधा तिचा जोर ओसरतो. बुडतो तो मनुष्य तिच्याशीं समोरासमोर झुंजून दमल्यामुळें बुडतो. येथें आपल्या नदीची शिकवण उपयोगी पडते. चढत्या पाण्यांत कृष्णा पोहून जाणारा पट्टीचा पोहणारा धारेशीं कधीं भांडत नाहीं; तो तिच्याबरोबर वाहत वाहत तिरपा कांठाला लागतो. समुद्रांतही तसेंच करावें. अंग सैल सोडून तरंगावें, हात वर करून मदत मागावी, किनाऱ्याला समांतर असें बाजूला सरकावें आणि फेंसाळ लाटा लागल्या कीं त्यांच्याबरोबर परतावें. बुडणाराला वांचविण्यास दुसऱ्यानें एकदम उडी घेऊं नये. रिकामा डबा, फुगविलेली रबरी नळी, दोर, जें तरंगेल व पोंचेल तें फेंकावें. एकामागून एक दोघे-तिघे जातात ते बहुधा या उड्यांमुळें.

भरती-ओहोटीचें गणित आपल्या पंचांगांतच आहे. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट केली म्हणजे मुंबईच्या पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजतां, अष्टमीला सहा वाजतां. दक्षिण कोंकणांत भरती याहून कांहींशी अगोदर येते. भरती संपून ओहोटी लागली कीं खाडीच्या मुखाशीं व खडकांजवळ मुळींच उतरूं नये. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतें, तेव्हां तर नाहींच. पावसाळ्याविषयीं बोलावयासच नको. जून-जुलैंत कोळी स्वतः यांत्रिक नावा बंद ठेवतात, आणि आपण त्या दिवसांत समुद्रस्नानाचा हट्ट धरतों.

राहतां राहिले पाकट आणि जेलीफिश. २०१३ च्या गणेशोत्सवांत गिरगांव चौपाटीवर विसर्जनास उतरलेल्या कित्येकांना पाकटानें कांटा मारला होता. हा मासा उथळ वाळूंत दडून बसतो; पाय उचलून न टाकतां घासत चालावें म्हणजे तो आपण होऊन दूर जातो. कांटा लागलाच तर सोसवेल तितक्या कढत पाण्यांत पाय धरावा आणि दवाखाना गांठावा.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं किनाऱ्यावर रापण ओढली जात होती. जाळें वाळूवर आलें तेव्हां बांगड्यांच्या ढिगांत एक हातभर मुशी तडफडत होती. नातू प्रथम मागें सरला, मग हळूच जवळ गेला. कोळ्यानें त्याचा हात धरून मुशीच्या शेंपटाकडून डोक्याकडे फिरविला. "आजोबा, ही तर किती खरखरीत आहे!" तो म्हणाला, आणि मग समुद्राकडे वळून त्यानें मला विचारलें, "कालचा तो काळा पट्टा आज डावीकडे गेलाय ना?"