द्विप्रणाली संगणक : प्रारंभदोष व निवारण

एकाच संगणकाच्या हार्ड डिस्कवर दोन स्वतंत्र परिचालन प्रणाली बसवून, संगणक सुरू करतेवेळी त्यांपैकी हवी ती निवडण्याची सोय ज्यात केलेली असते, त्यास द्विप्रणाली संगणक म्हणतात. परिचालन प्रणाली म्हणजे रूढ शब्दांत ऑपरेटिंग सिस्टीम. बहुधा एक प्रणाली विंडोज व दुसरी लिनक्स कुळातील असते. दोन्ही एका वेळी चालत नाहीत. एक बंद करूनच दुसरीत जावे लागते. कधीकधी त्यांपैकी एक प्रणाली सुरू होईनाशी होते व दुसरी मात्र सुरळीत चालते. हा दोष दिसावयास गंभीर असला, तरी न सुरू होणारी प्रणाली व तीतील फाइली बहुधा जागच्या जागी शाबूत असतात. तुटलेला असतो तो तिच्यापर्यंत पोहोचण्याच्या मार्गातील एखादा दुवा. फाइलींचा खरा नाश पुष्कळदा मूळ दोषाने नव्हे, तर कोणता दुवा तुटला हे न पाहता घाईने केलेल्या पुनर्स्थापनेने होतो.

महाराष्ट्रात दोन प्रणाली ठेवण्यामागे एक स्थानिक कारणही आहे. युनिकोड ही संकेतप्रणाली मराठी लेखनात रुळण्यापूर्वी कचेऱ्या व छापखाने यांतील बराच मजकूर श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम यांसारख्या आज्ञावलींत किंवा कृतिदेवसारख्या टंकांत साठविला गेला. ही साधने मुख्यतः विंडोजवर वापरली जात असल्याने जुने दस्तऐवज उघडण्यासाठी विंडोज हाताशी ठेवावी लागते. उलटपक्षी लिनक्स विनामूल्य असून जुन्या यंत्रांवरही बऱ्यापैकी चालते. सी-डॅकने २००७ मध्ये बॉस ही भारतीय भाषांना आधार देणारी लिनक्स प्रणाली प्रसृत केली, तर मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही उपलब्ध करून दिले. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अटी पूर्ण न करू शकणाऱ्या संगणकांवर विंडोजशेजारी लिनक्स बसविण्याचे प्रयोजन त्यामुळे आणखी वाढले.

अशा यंत्राचा दोष ओळखणे ही केवळ तंत्रज्ञाची बाब राहत नाही. भंडारा ते नागपूर हे अंतर सु. ६० किमी. असून त्याच जिल्ह्यातील लाखांदूरसारखे तालुक्याचे ठिकाण नागपूरहून त्याहून बरेच दूर पडते. दुकानात नेलेला संगणक डिस्क पुसून, म्हणजे फॉरमॅट करून, परत मिळणे हा अनुभवही विरळा नाही. पडद्यावरील संदेश वाचून दोषस्थान स्वतः ठरविता आले, तर निदान काय करू नये हे सांगता येते.

प्रारंभाची साखळी : कळ दाबताच प्रथम मदरबोर्डवरील कायम स्मृतीत साठविलेली आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, जागृत होते. ती यंत्राचे भाग तपासते व पुढील आज्ञावलीकडे ताबा सोपविते. ही पुढील आज्ञावली म्हणजे बूटलोडर. विंडोजसाठी तो विंडोज बूट मॅनेजर असतो, लिनक्ससाठी बहुधा ग्रब. बूटलोडर प्रणालीचा गाभा रॅममध्ये आणतो आणि गाभा आपला विभाग जोडून घेऊन उरलेल्या सेवा सुरू करतो. पूर्वीच्या डाकव्यवस्थेत हरकारा आपली थैली पुढच्या टप्प्यावरील हरकाऱ्याच्या हाती देई; शेवटचे गाव त्याने पाहिलेले असण्याची गरज नसे. येथेही प्रत्येक टप्प्याला फक्त पुढच्या टप्प्याचा पत्ता ठाऊक असतो. तो पत्ता चुकला की थैली तेथेच पडून राहते.

१९८१ च्या आयबीएम पीसीमधील फर्मवेअरला बायोस म्हणत. बायोस डिस्कचा केवळ पहिला, ५१२ बाइटांचा तुकडा वाची. त्यातील ४४६ बाइट आज्ञांसाठी, ६४ बाइट चार विभागांच्या तक्त्यासाठी व अखेरचे दोन बाइट खुणेसाठी राखलेले असत. या तुकड्यास एमबीआर अशी संज्ञा आहे. दोन प्रणालींना मिळून ही एकच जागा असल्याने जी प्रणाली मागाहून बसविली जाई, ती आधीचीच्या आज्ञांवर आपल्या आज्ञा लिही. आधी विंडोज व मग लिनक्स बसवावी, हा जुना नियम यातूनच आला. कारण ग्रब विंडोजची दखल घेतो, विंडोज मात्र लिनक्सची घेत नाही. ग्रबची निर्मिती एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये हर्ड या प्रणालीसाठी आरंभिली होती. लिनक्ससाठी तो नंतर रूढ झाला.

पुढे इंटेलच्या ईएफआय या रचनेवरून यूईएफआय हे फर्मवेअर सिद्ध झाले व २००५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र मंच स्थापन झाला. यात डिस्कवर बूटलोडरांसाठी एक लहान विभाग राखून ठेवतात आणि त्यात प्रत्येक प्रणालीची फाइल आपापल्या फोल्डरमध्ये राहते. कोणती फाइल आधी चालवावयाची याची यादी मदरबोर्डच्या स्मृतीत असते. त्यामुळे एका जागेवरील भांडण मिटले, पण यादीतील पहिल्या क्रमांकावरचे भांडण उरलेच.

दोषस्थान ओळखणे : पहिला प्रश्न असा, की पडद्यावरचे शेवटचे शब्द कोणाचे आहेत? ते फर्मवेअरचे, ग्रबचे, लिनक्सच्या गाभ्याचे की विंडोजचे, एवढे कळले तरी निम्मे काम होते. म्हणून संदेशाचे छायाचित्र घेऊन ठेवावे व मगच पुढे जावे.

निवडीची यादी न दिसता थेट विंडोज सुरू होत असेल, तर बहुतेक वेळा फक्त क्रम बदललेला असतो. विंडोजचे मोठे अद्ययावतीकरण झाल्यावर असे घडते. सुरुवातीसच एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी यंत्राच्या उत्पादकाने ठरविलेली कळ दाबून फर्मवेअरची यादी उघडावी. तीत लिनक्सचे नाव असले, तर सेटअपमध्ये जाऊन ते वर आणले की काम झाले. दुरुस्तीची गरजच नसते.

याउलट ग्रबची यादी दिसते पण तीत विंडोज नाही, असेही होते. अन्य प्रणाली शोधून काढणारी ऑस-प्रोबर ही उपाज्ञावली ग्रबच्या २०२१ मधील २.०६ या आवृत्तीपासून मुळातच बंद ठेवण्यात आली आहे. ग्रबच्या मांडणी-फाइलीत ती पुन्हा चालू करून यादी नव्याने तयार केली की विंडोज परत दिसू लागते. मात्र एक प्रणाली जुन्या बायोस पद्धतीने व दुसरी यूईएफआय पद्धतीने बसविलेली असेल, तर या उपायाने काहीच साधत नाही. एका पद्धतीत सुरू झालेला ग्रब दुसऱ्या पद्धतीच्या बूटलोडरकडे ताबा देऊ शकत नाही. हे कारण सहसा लक्षात येत नाही आणि लोक दिवसच्या दिवस चुकीच्या जागी शोध घेत बसतात.

काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच शब्द दिसणे हे ग्रब स्वतः सापडला, पण त्याच्या उरलेल्या फाइली ज्या विभागात होत्या तो सापडेना, याचे लक्षण आहे. विंडोजमधून जागा मोकळी करण्याच्या भरात लिनक्सचा विभाग पुसला गेला, किंवा विभागांचे आकार बदलताना त्यांचे क्रमांक पालटले, म्हणजे हा प्रसंग येतो. पहिल्या स्थितीत लिनक्स खरोखर गेलेली असते, दुसरीत नाही. भेद पाहिल्याविना दुरुस्ती आरंभू नये.

ग्रबच्या पुढे गेल्यावर ‘कर्नल पॅनिक’ असा संदेश आला व त्यात मूळ विभाग जोडता न आल्याचा उल्लेख असला, तर नव्या गाभ्याची स्थापना अर्धवट राहिली असण्याचा संभव मोठा असतो. बूट-विभाग भरून गेलेला असणे किंवा अद्ययावतीकरण चालू असता वीज जाणे ही त्याची नेहमीची कारणे होत. ग्रबच्या प्रगत पर्यायांत मागील गाभा बहुधा राखलेला असतो. तो निवडून आत जाता येते व तेथून जागा मोकळी करून गाभा पुन्हा बसविता येतो.

विंडोज निळ्या पडद्यावर थांबून बूटसाधन हाती येत नसल्याचे सांगते, तेव्हा मदरबोर्डवरील नाण्याएवढ्या बॅटरीचा विचार अवश्य करावा. बहुधा सीआर २०३२ या जातीची ही ३ व्होल्टची बॅटरी घड्याळ चालू ठेवते आणि पुष्कळ मदरबोर्डांवर सेटअपमधील निवडीही तीच जपते. यंत्र वीजजोडणीतून काढून दीर्घकाळ ठेवल्यास ती लवकर संपते. बॅटरी संपली म्हणजे सेटअप मूळपदावर जातो, डिस्कशी बोलण्याची पद्धत बदलते आणि विंडोजला स्वतःचाच विभाग दिसेनासा होतो. लिनक्स हा बदल बहुधा पचवून नेते, म्हणून दोष विंडोजचाच वाटतो. घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले दिसले, तर हे निदान जवळजवळ पक्के समजावे. नवी बॅटरी घालून सेटअपमधील पद्धत पूर्वीप्रमाणे केली की विंडोज पूर्ववत चालते. पुनर्स्थापनेने नाहक पुसल्या जाणाऱ्या यंत्रांत ही यंत्रे अधिक असतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

स्वाक्षरीमूलक दोष : विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये सिक्युअर बूट ही व्यवस्था प्रचारात आली. फर्मवेअर अधिकृत स्वाक्षरी असलेलाच बूटलोडर चालविते, हे तिचे तत्त्व होय. लिनक्ससाठी मॅथ्यू गॅरेट यांनी शिम नावाची छोटी मध्यस्थ आज्ञावली तयार केली. तीवर मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असते व ती पुढे ग्रबची खातरजमा करते. सुरक्षिततेत उणे ठरलेल्या जुन्या बूटलोडरांना मज्जाव करण्यासाठी एसबॅट ही आवृत्तिक्रमांकांची पद्धत योजिली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या मासिक अद्ययावतीकरणाने ही मर्यादा वाढविली. द्विप्रणाली संगणकांना ती लागू होऊ नये, असा मायक्रोसॉफ्टचा हेतू होता. परंतु त्यांतील कित्येक यंत्रे ओळखली गेली नाहीत. त्यांवर लिनक्स निवडताच एसबॅट-तपासणी अयशस्वी झाल्याचा व काही गंभीर बिघाड झाल्याचा संदेश येऊन संगणक बंद पडू लागला. लिनक्समधील एकही फाइल यात बिघडलेली नव्हती. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये जावे, मोकयुटिल या साधनाने एसबॅटची नोंद काढून टाकावी व व्यवस्था पुन्हा चालू करावी, हा उपाय होता. मायक्रोसॉफ्टने या दोषाचे अंतिम निवारण मे २०२५ च्या अद्ययावतीकरणात केले.

दुरुस्ती : डिस्कवर काहीही लिहिण्यापूर्वी ती वाचून पाहावी. त्यासाठी लिनक्सची पेनड्राइव्हवरून चालणारी प्रत उपयोगी पडते. ती न बसविता नुसती चालवून पाहता येते व डिस्कवरील विभाग दाखविते. विभाग व त्यांतील फाइली दिसल्या, तर प्रथम महत्त्वाच्या फाइली बाह्य डिस्कवर उतरवून घ्याव्यात. त्यानंतर लिनक्सचा मूळ विभाग व यूईएफआयचा लहान विभाग जोडून, त्या मूळ विभागात शिरून ग्रब पुन्हा बसवितात आणि त्याची यादी नव्याने लिहितात. पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने सुरू केली, त्याच पद्धतीचा ग्रब बसतो. म्हणून मूळ स्थापना यूईएफआयची असल्यास पेनड्राइव्हही तशीच सुरू केली पाहिजे.

विंडोजसाठी तिच्या स्थापना-पेनड्राइव्हमधील दुरुस्तीचा पर्याय वापरतात. यूईएफआय यंत्रावर बीसीडीबूट ही आज्ञा बूटफाइली पुन्हा निर्माण करते व लिनक्सच्या फोल्डरला हात लावीत नाही. फार तर यादीतील क्रम बदलतो. जुन्या पद्धतीच्या यंत्रावर बूटरेक या आज्ञेने एमबीआर लिहिल्यास विंडोज सुरू होईल, पण ग्रब जाईल व त्यानंतर तो पुन्हा बसवावा लागेल.

दोन गोष्टींत विशेष सावधगिरी आवश्यक आहे. विंडोज ८ पासूनची फास्ट स्टार्टअप ही सोय संगणक बंद करताना गाभ्याची स्थिती डिस्कवर गोठवून ठेवते. अशा अवस्थेत लिनक्समधून विंडोजच्या विभागात बळेच लिहिल्यास किंवा त्याचा आकार बदलल्यास त्या विभागाची हानी होऊ शकते. तेव्हा ही सोय आधीच बंद केलेली बरी. दुसरी गोष्ट बिटलॉकर या कूटलेखनाची. विंडोज ११ च्या २०२४ मधील २४एच२ आवृत्तीपासून नव्या स्थापनेत ते अधिक यंत्रांवर आपोआप लागू होते. वापरणाऱ्यास त्याची कल्पनाही नसते. सिक्युअर बूट बंद करताच विंडोज ४८ अंकी पुनर्प्राप्तिकळ मागते. ती बहुधा वापरणाऱ्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. ती न मिळाल्यास विभाग शाबूत असूनही फाइली वाचता येत नाहीत आणि दुकानातील तंत्रज्ञाकडेही त्यावर इलाज नसतो. सेटअपमधील कोणतीही निवड बदलण्याआधी ही कळ कागदावर उतरवून ठेवावी.

लिनक्समधून परतल्यावर विंडोजचे घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसते, यास मात्र बिघाड समजू नये. लिनक्स यंत्रातील घड्याळ जागतिक प्रमाणवेळेनुसार लावते, तर विंडोज तीच वेळ स्थानिक मानते. भारतीय प्रमाणवेळ त्यापुढे ५ तास ३० मिनिटे असल्याने तेवढाच फरक पडतो. लिनक्सला यंत्राचे घड्याळ स्थानिक वेळेनुसार ठेवण्यास सांगणारी एक आज्ञा दिली की तो नाहीसा होतो.