एक वैमानिक, दोन गणवेश

अमेरिकेतील एखाद्या वैमानिकाचे घर डोळ्यांपुढे आणा. भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली आहे. काही तारखांवर प्रवासी विमान कंपनीच्या फेऱ्या लिहिल्या आहेत, काहींवर राखीव हवाई दलाची हजेरी. ज्या चौकटी कोऱ्या उरल्या, त्या पत्नीच्या आणि मुलांच्या.

राखीव सैनिकाने महिन्यातील एक शनिवार-रविवार व वर्षातील दोन आठवडे द्यावेत, अशी तेथील साधारण रीत आहे. परंतु वैमानिकाचे तेवढ्याने भागत नाही. हात सरावात राहावा म्हणून त्याला आणखी दिवस काढावे लागतात. शिवाय युद्धप्रसंग ओढवला, तर महिनोन्महिने घर सोडावे लागते.

मग नोकरीचे काय? विमान कंपनीत वैमानिकाचे भवितव्य ज्येष्ठतेच्या यादीवर अवलंबून असते. कोणते विमान, कोणती फेरी, सुट्टी केव्हा, कप्तानपद कधी, हे यादीतील क्रमांक ठरवितो. सेवेवर गेलेल्याचा क्रमांक मागे पडला, तर देशसेवा ही त्याला शिक्षाच व्हावयाची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्ये ज्येष्ठतेला सरकत्या जिन्याची उपमा दिली. सैनिक नोकरीवर राहिला असता तर ज्या पायरीवर पोहोचला असता, तेथेच परतल्यावर त्याने पाऊल ठेवावे, असा तिचा आशय होता. १९९४ च्या कायद्यात हेच तत्त्व आहे. एका मालकाकडील नोकरीत एकूण पाच वर्षांपर्यंतच्या सेवेला हे संरक्षण मिळते. नेहमीचे प्रशिक्षण त्या हिशेबात धरीत नाहीत. वैमानिकानेही कंपनीला आगाऊ सूचना द्यावयाची आणि परतल्यावर मुदतीत हजर व्हावयाचे असते.

कायदा जागा राखतो, सराव राखू शकत नाही. ९० दिवसांत तीन उड्डाणे व तीन अवतरणे झाली नसतील, तर पुन्हा पात्रता सिद्ध केल्यावाचून प्रवासी विमान हाती मिळत नाही. विश्रांतीचेही तसेच. प्रत्येक उड्डाणापूर्वी आपण कामास योग्य स्थितीत आहोत, हे वैमानिकाला स्वतः सांगावे लागते. रविवारी लष्करी विमान चालवून सोमवारी प्रवासी विमानाकडे निघालेल्याने हा प्रश्न प्रामाणिकपणे मनाला विचारावा, आणि उत्तर ‘नाही’ असेल तर ते बोलून दाखवावे, हेच खरे कर्तव्य.

टॅमी जो शुल्ट्स या नौदलातील वैमानिक. १९९३ मध्ये त्यांनी पूर्णवेळ सेवा सोडली, परंतु २००१ पर्यंत त्या राखीव नौदलात राहिल्या. मधल्या काळात, १९९४ मध्ये, त्या साउथवेस्ट कंपनीत रुजू झाल्या. त्यांचे पतीही वैमानिकच. घरात दोन मुले. १७ एप्रिल २०१८ रोजी त्यांच्या विमानाचे एक इंजिन आकाशातच फुटले. विमानात १४९ माणसे होती. एका प्रवासी स्त्रीचे प्राण वाचू शकले नाहीत, मात्र शुल्ट्स यांनी विमान फिलाडेल्फियाला उतरविले आणि बाकीचे १४८ जण बचावले.

आपल्याकडील प्रादेशिक सेनेच्या कायद्यातही सैनिकाला त्याची नागरी नोकरी परत देण्याची तरतूद आहे. परंतु मुलाचा चुकलेला वाढदिवस कोणताच कायदा परत देत नाही. म्हणून ज्या घरात असे दोन गणवेश आहेत, तेथे महिन्याच्या आरंभी सर्वांनी मिळून दिनदर्शिकेपुढे बसावे, आणि घरासाठी राखलेल्या तारखा इतर दोन कामांइतक्याच ठळक अक्षरांत लिहाव्यात.