दाव्यातील जमिनीचे खरेदीखत
सातारा आणि 1949 साली दक्षिण सातारा या नावाने त्यापासून वेगळा झालेला सांगली, या कृष्णाकाठच्या जिल्ह्यांत भाऊबंदांच्या वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात चालू असता त्यातील बागाईत जमीन घेणाऱ्याचे खरेदीखत, रीतसर नोंदलेले असले आणि फेरफार मंजूर होऊन सात-बाराला नाव चढले असले, तरी 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 52 अन्वये अखेरच्या हुकूमनाम्याच्या अधीनच राहते. ते मुळातच रद्दबातल ठरत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. विकणाऱ्याच्या वाट्यास जेवढे क्षेत्र येईल, तेवढ्यापुरता घेणाऱ्याचा हक्क शाबूत राहतो. दाव्याची वार्ता नव्हती, ही सबब मात्र सामान्यतः तारत नाही. म्हणून इसार देण्यापूर्वीच वकिलाकरवी न्यायालयातील दाव्यांचा शोध घ्यावा, असे मी कळकळीने सांगतो.