जास्तीच्या रक्ताचा हिशेब

मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के. पण हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त बाहेर टाकतं त्यातलं सुमारे १५ टक्के मेंदूकडे जातं, आणि शरीराला लागणाऱ्या एकूण ऑक्सिजनपैकी २० टक्के तो एकटा संपवतो. मिनिटाला साधारण पाऊण लिटर रक्त, म्हणजे दर १०० ग्रॅम मेंदूमागे ५० मिलिलिटर. हा पुरवठा पूर्ण थांबला तर ६-७ सेकंदांत माणसाची शुद्ध हरपते. साठा करून ठेवायची सोय मेंदूत नाहीच म्हटलं तरी चालेल.

हे ५० मिलिलिटर कोणाचे? पाठ्यपुस्तकात तो 'माणसाचा' आकडा म्हणून छापलेला असतो. शांत पडून असलेल्या तरुण स्त्री-पुरुषांचं वेगवेगळं मोजमाप केलं की बायकांच्या मेंदूतला प्रवाह दर १०० ग्रॅममागे १० ते १५ टक्क्यांनी जास्त निघतो. १९८२ मध्ये अमेरिकेत रूबेन गुर आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात हा फरक मांडला. त्याच वर्षी नॉर्वेच्या रूने आस्लिड यांनी कवटीच्या हाडातून अल्ट्रासाउंडने मेंदूच्या धमनीतल्या रक्ताचा वेग मोजायची पद्धत आणली. त्या यंत्रावरही बायकांचा वेग जास्तच दिसत आला आहे. अर्थात हे यंत्र वेग सांगतं, लिटर सांगत नाही. धमनी अरुंद असेल तर तेवढंच रक्त जास्त वेगाने जातं, म्हणून या आकड्यावर एकट्याने विसंबू नये.

या जास्तीच्या रक्तावरून बायकांच्या मेंदूच्या श्रेष्ठत्वाचे किंवा कनिष्ठत्वाचे निष्कर्ष काढणारे लेख अधूनमधून वाचायला मिळतात. मला ते दोन्ही फुकटचे वाटतात, कारण या फरकाचा बराचसा भाग साध्या गुणाकारात सुटतो.

१ ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. पुरुषाचं हिमोग्लोबिन १५ धरलं तर त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. निरोगी बाईचं १३ धरलं तर साडेसतरा. मेंदूच्या दारात दोघांचाही सारखाच ऑक्सिजन पोचायचा असेल तर पुरुषाच्या ५० मिलिलिटरच्या जागी बाईला ५७-५८ मिलिलिटर रक्त लागेल. १५ टक्के जास्त. ट्रकमध्ये माल कमी मावत असेल तर फेऱ्या वाढतात, इतकंच. इस्ट्रोजेनमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार होतं आणि त्या सैलावतात, हा दुसरा भाग. पण मोठा वाटा हिमोग्लोबिनचा.

आता हाच गुणाकार महाराष्ट्रात आणू. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. त्याच वयाचे पुरुष २१.९ टक्के. आधीच्या पाहणीत स्त्रियांचा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे पाच वर्षांत तो वाढला. देशाची सरासरी ५७ आणि २५. आणि रक्तक्षयाची व्याख्या आधीच बायकांसाठी खाली धरलेली आहे: पुरुषाला १३ च्या खाली, गरोदर नसलेल्या बाईला १२ च्या खाली.

हिमोग्लोबिन ९ असलेली बाई घ्या. आपल्याकडच्या कुठल्याही लॅबच्या रिपोर्टांत ती रोज सापडेल. तिच्या १०० मिलिलिटर रक्तात ऑक्सिजन १२ मिलिलिटर. मेंदूच्या दारात पूर्वीइतकाच माल पोचवायचा तर प्रवाह ८३ पर्यंत न्यावा लागेल. प्रत्यक्षात तो इतका चढत नाही. मेंदू थोडा प्रवाह वाढवतो आणि थोडा जास्त ऑक्सिजन रक्तातून खेचून घेतो. पण ज्या रक्तवाहिन्या संकटात रुंदावायच्या त्या बसल्या जागीच अर्ध्या रुंदावलेल्या असतात. पुढे दाब घसरला तर आणखी किती रुंदावणार?

दाब घसरण्याचं सगळ्यात रोजचं कारण म्हणजे उभं राहणं. सोलापूरच्या नवी पेठेत कापडाच्या, साड्यांच्या, रेडिमेडच्या दुकानांत काउंटरमागे उभ्या असलेल्या मुली हे या विषयाचं उत्तम उदाहरण आहे. उभं राहिलं की ५०० ते ८०० मिलिलिटर रक्त कमरेखाली उतरतं. पंचेचाळीस-पन्नास किलोच्या मुलीच्या अंगात एकूण रक्तच तीन लिटरच्या आसपास, सत्तर किलोच्या पुरुषाच्या अंगात पाच. खाली उतरणारं रक्त दोघांत हुबेहूब सारखं नसतं, पण ज्याच्याकडे मुळात कमी त्याला वजाबाकी जास्त झोंबते. त्यात बायकांचं हृदय आकाराने लहान. दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त उभं राहिल्यावर त्यांच्यात जास्त घटतं, हे प्रयोगांत दिसलं आहे.

मग उंचीचा हिशेब. हृदयापासून मेंदू २५-३० सेंटिमीटर वर. रक्ताचा एवढा स्तंभ म्हणजे पाऱ्याचे १९ ते २३ मिलिमीटर. तरुण मुलीचा दाब ११०/७० असेल तर सरासरी दाब ८३ (खालच्या आकड्यात दोघांमधल्या फरकाचा एक तृतीयांश मिळवायचा). त्यातून २० वजा केले की मेंदूपाशी उरले ६३. मेंदू स्वतःचा प्रवाह सांभाळू शकतो ती खालची मर्यादा पुस्तकं ६० सांगतात. बायका बुटक्या असतात म्हणून त्यांचा स्तंभ दोन-तीन मिलिमीटरने हलका पडतो, हा त्यांचा एक फायदाही नोंदवायला हवा. पण सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. कातडीच्या रक्तवाहिन्या उष्णता बाहेर टाकायला उघडतात, घामाने पाणी जातं, आणि दिवसभर लघवीला जायची सोय नाही म्हणून मुली पाणीच कमी पितात. ते तीन मिलिमीटर तिथे कुठल्या कुठे जातात. मग घेरी येते. दुकानात त्यावर 'सकाळी खाल्लं नसेल' एवढंच निदान होतं.

घेरी येऊन पडण्याचे आकडे श्रीमंत, धष्टपुष्ट देशांतही असेच आहेत. नेदरलँड्समधल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना विचारलं तेव्हा ४७ टक्के मुली आयुष्यात कधी ना कधी भोवळ येऊन पडल्या होत्या. मुलगे २४ टक्के. तिथे रक्तक्षय हे कारण पुढे करता येत नाही. पोटऱ्या आवळणं, पाय एकमेकांवर आडवे घेऊन दाबणं, अर्धा लिटर पाणी झटकन पिणं हे उपाय खरोखर काम करतात. काउंटरमागे एक स्टूलही करतं. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय कायद्याने बंधनकारक केली. कारखान्यांसाठी तशी तरतूद १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये, कलम ४४ मध्ये, होतीच. सोलापूरच्या गिरण्यांना ती लागू होती. पेठेतल्या दुकानांना नाही.

इथवर वाचून बायकांचा मेंदू दाब सांभाळण्यात कच्चा असतो असं वाटेल. तर २०११ मध्ये 'स्ट्रोक' या नियतकालिकात आलेला बोस्टनचा अभ्यास पाहा. सत्तरी ओलांडलेल्या लोकांना बसल्या जागेवरून उभं केलं, दाब खाली गेला, आणि मेंदूचा प्रवाह किती चटकन पूर्वपदावर येतो ते मोजलं. म्हाताऱ्या बायका म्हाताऱ्या पुरुषांपेक्षा सरस ठरल्या. उलट २०१९ मध्ये कॅनडाच्या क्यूबेकमधल्या लावाल विद्यापीठाने तरुण, व्यायाम करणारे स्त्री-पुरुष घेतले आणि तिथे बायका मागे पडल्या. वय वेगळं, तंदुरुस्ती वेगळी, हार्मोन वेगळे, निष्कर्ष उलटे. माझ्या मते यातून 'स्त्रीचा मेंदू' असा एकवचनी निष्कर्ष काढायचाच नाही, एवढं नक्की कळतं. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉनमुळे श्वास थोडा खोल होतो, रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब दोन-तीन मिलिमीटरने उतरतो, आणि दर मिलिमीटरमागे मेंदूचा प्रवाह ३-४ टक्क्यांनी बदलतो. म्हणजे एकाच बाईचं मोजमाप पंधरा दिवसांच्या अंतराने घेतलं तरी उत्तर बदलू शकतं. संशोधकांनी या कटकटीवर बरीच वर्षं सोपा तोडगा काढला होता: फक्त पुरुष घ्यायचे. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायचा दंडक घातला. तो १९९३ मध्ये उठला.

वर आलेला ६० हा आकडा १९५९ चा. डेन्मार्कच्या नील्स लासेन यांनी तेव्हा एक आलेख काढला: सरासरी दाब ६० ते १५० च्या दरम्यान असेल तर मेंदूचा प्रवाह सपाट राहतो. जगभरचे डॉक्टर तो पाठ करतात. त्यातली रेषा एका माणसाचा दाब वरखाली करून काढलेली नव्हती. ७ अभ्यासांतल्या ११ गटांच्या सरासऱ्या ११ ठिपके म्हणून मांडून त्यांतून ती ओढली होती. एक ठिपका निरोगी तरुण पुरुषांचा, एक निरोगी गरोदर बायकांचा, आणि एक गरोदरपणात दाब वाढलेल्या बायकांचा. सगळे एकाच रेषेवर नीट बसले. आज तो सपाट पट्टा बराच अरुंद मानला जातो.

त्या शेवटच्या ठिपक्यातल्या बाईचं काय होतं? गरोदरपणात दाब १४०/९० झाला तर सरासरी निघते १०७. १६०/११० ला १२७. दोन्ही १५० च्या आत, आलेखाप्रमाणे सुरक्षित. तरीही याच आकड्यांवर झटके येतात. त्याला इक्लॅम्प्सिया म्हणतात. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे चमकतं. एमआरआयमध्ये सूज बहुधा मेंदूच्या मागच्या भागात दिसते, जिथे दृष्टीचं केंद्र आहे आणि जिथल्या रक्तवाहिन्यांना आवळून धरणाऱ्या नसा विरळ आहेत. दाबापुढे तिथलं अस्तर आधी हार मानतं आणि पाणी झिरपतं.

बरीच वर्षं समजूत उलटी होती: मेंदूच्या रक्तवाहिन्या आखडतात म्हणून झटके येतात, तेव्हा त्या उघडाव्यात. २००३ मध्ये १,६५० बायकांवरच्या चाचणीत याचा निकाल लागला. रक्तवाहिन्या उघडणारं निमोडिपिन घेतलेल्या ८१९ पैकी २१ जणींना झटके आले, मॅग्नेशियम सल्फेट घेतलेल्या ८३१ पैकी ७ जणींना. त्याआधी, २००२ च्या मॅग्पाय चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांत मॅग्नेशियमने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणला होता.

मॅग्नेशियम किती द्यायचं हा प्रश्न मात्र सोलापुरातही विचारला गेला. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ प्रिचर्ड यांची प्रचलित मात्रा डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयात बसवलेली. सुरुवातीलाच १४ ग्रॅम. डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये कमी मात्रेचा अनुभव प्रसिद्ध केला. कारण सरळ होतं: आपल्याकडच्या बायकांचं वजन कमी, आणि मॅग्नेशियम जास्त झालं तर आधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त हालचाल जाते, मग श्वास मंदावतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आजही पूर्ण मात्रेचीच आहे, म्हणून प्रत्येक मात्रेआधी गुडघा, श्वास आणि लघवी तपासायची शिस्त पाळावी लागते.

आकड्यांचा आणखी एक घोळ आपल्या रिवाजात आहे. पहिले सहा-सात महिने तपासण्या पुण्या-मुंबईत होतात आणि बाळंतपणाला मुलगी माहेरी, सोलापूरला येते. चौथ्या-पाचव्या महिन्यात तिचा दाब १००/६० असेल तर सरासरी ७३. नवव्या महिन्यात १३५/८५ भरला तर १०२. नव्या डॉक्टरांसमोर फक्त १३५/८५ असतो, आणि तो १४०/९० च्या खाली म्हणून ठीक वाटू शकतो. मेंदूने मात्र २९ मिलिमीटरची चढण पाहिलेली असते. हे २९ फक्त जुन्या फाइलमध्ये सापडतात, आणि ती फाइल बऱ्याचदा सासरच्या कपाटात राहते. ती आणवून घ्यावी, आणि बाळंतपणानंतरचे पहिले दोन दिवसही दाब मोजत राहावा. कित्येकींना झटका त्या ४८ तासांत येतो.